पुठ्ठ्याची नव्हे, कापसाची गाडी

बॉनेट उघडून एका आजोबांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं, आतून खुणा असलेली एक लांब पट्टी बाहेर ओढली आणि उजेडात धरून मला दाखवली. ओल जिथपर्यंत आली होती तिथं बोट ठेवून ते जर्मनमध्ये काही बोलले. माझी पुतणी लाइपझिगला शिकते. दुभाषी म्हणून तीच सोबत होती. म्हणाली, "काका, ते म्हणतायत, अजून बारा लिटर आहे. दीडशे किलोमीटरची काळजी नाही."

आकाशी रंगाची ती ट्राबांट ६०१ जर्मनीतल्या त्स्विकाऊ शहरात उभी होती. जिथं ती जन्मली, तिथंच. तिला पेट्रोलचा काटा नाही, पेट्रोलचा पंप नाही. टाकी इंजिनाच्या वरच्या अंगाला बसवलेली, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानंच खाली कार्बोरेटरमध्ये उतरतं. इंजिन हवेवर थंड होतं, म्हणून रेडिएटर नाही, पाणी नाही, गळणारे होसपाइप नाहीत. जे नाही ते बिघडत नाही, हा त्या गाडीचा पहिला धडा.

चिंचवडच्या एका प्रेस शॉपमध्ये माझी बत्तीस वर्षं गेली. पत्रा दाबून दारं, छतं, मडगार्ड काढायचं ते काम. त्यामुळे गाडी दिसली की लोक तिचं इंजिन विचारतात, माझा हात आधी तिच्या अंगावरून फिरतो. ट्राबांटचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते थट्टेतच. 'पुठ्ठ्याची गाडी' म्हणून जर्मनीत तिची इतकी टिंगल झाली की जगभर तेच खरं धरलं जातं. निवृत्तीनंतर पुतणीकडे जायचा योग आला तेव्हा ठरवलं, की पूर्व जर्मनीतल्या सरकारी कारखान्यांच्या गाड्या जिथं बनल्या ती गावं एकदा बघायचीच. त्स्विकाऊ, केम्निट्झ, आयझेनाख आणि शेवटी बर्लिन, असा मार्ग आखला. सगळा प्रवास रेल्वेनं.

लाइपझिगहून त्स्विकाऊला लोकल गाडी जाते. हे सॅक्सनी प्रांतातलं मध्यम आकाराचं गाव आहे. संगीतकार रॉबर्ट शुमान १८१० साली इथं जन्मला, त्याचं घर मुख्य चौकात जपलेलं आहे. मात्र या गावाच्या नाडीत संगीताइतकंच पेट्रोलही आहे. आउगुस्ट होर्श नावाच्या इंजिनिअरनं १९०४ साली आपला मोटारींचा कारखाना इथं आणला. पुढे भागीदारांशी बिनसलं आणि १९०९ मध्ये त्याला स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. त्यानं त्याच गावात दुसरा कारखाना काढला, पण स्वतःचं नाव त्याला वापरता येईना. 'होर्श' या शब्दाचा जर्मन अर्थ 'ऐक!' तोच अर्थ लॅटिनमध्ये 'आउडी'. असं ऑडीचं बारसं झालं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात ज्या ऑडी गाड्यांची जुळणी होते, त्यांचं नाव असं याच गावातून आलेलं आहे.

१९३२ साली ऑडी, होर्श, डीकेडब्ल्यू आणि वांडरर या चार कंपन्या एकत्र येऊन 'आउटो युनियन' झाली. ऑडीच्या बोधचिन्हातली चार कडी ती हीच. मग महायुद्ध आलं. युद्धानंतर सॅक्सनी सोव्हिएत ताब्यात गेली. कारखान्यांतली यंत्रं नुकसानभरपाई म्हणून उचलून रशियाला नेली गेली, आणि जे उरलं ते सरकारजमा झालं. अशा कारखान्याच्या नावाआधी जर्मन भाषेत तीन अक्षरं लागायची, त्यांचा अर्थ 'लोकांच्या मालकीचा उद्योग'. प्रत्यक्षात मालक सरकार होतं, आणि सरकार म्हणजे बर्लिनमधला सत्ताधारी पक्ष. ही गोष्ट पुढच्या सगळ्या प्रवासात पावलोपावली जाणवत राहिली.

ऑडीच्या मूळ कारखान्याच्या आवारातच आता आउगुस्ट होर्श संग्रहालय आहे. २००४ साली ते सुरू झालं आणि २०१७ मध्ये आणखी वाढवलं गेलं. पहिल्या दालनांत होर्शच्या आठ सिलिंडरच्या राजेशाही गाड्या आहेत. क्रोमचे दिवे, लांबलचक बॉनेट, आरशासारखा रंग. मी त्यांच्या समोरून भराभर पुढे गेलो. मला जे बघायचं होतं ते पुढे होतं.

ट्राबांटचं अंग कशाचं, हे तिथं टप्प्याटप्प्यानं मांडलेलं आहे. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीकडे मोटारीच्या अंगाला लागणारा खोल दाबता येईल असा पत्रा नव्हता. पाश्चिमात्य देशांनी निर्यातीवर निर्बंध घातलेले, आणि देशात तयार होणारं पोलाद अपुरं. मग या लोकांनी काय करावं? सोव्हिएत युनियनमधून येणारा टाकाऊ कापूस घेतला. कापडगिरणीत विणायला निरुपयोगी ठरलेला, आखूड धाग्याचा. त्याची गोधडीसारखी जाड लादी केली, तिच्यात फिनॉल रेझिनची भुकटी पसरवली, अशा लाद्या एकावर एक रचल्या आणि तापलेल्या साच्यात घालून प्रचंड दाबाखाली दाबल्या. बाहेर आलं ते ड्युरोप्लास्ट. गंजत नाही, सडत नाही, पोलादापेक्षा हलकं. गाडीचा आतला सांगाडा पोलादाचाच, त्यावर हे तुकडे चढवायचे. १९५५ साली आलेल्या पी-७० या गाडीवर याची तालीम झाली आणि पुढे ट्राबांटवर ते कायम झालं.

तिथं ठेवलेल्या तुकड्याची कडा मी निरखून पाहिली. तुटलेल्या कडेला बारीक धागे दिसत होते, पिंजलेल्या गादीतून दिसावेत तसे. विदर्भ-खान्देशातल्या माणसाला कापूस काय चीज आहे हे सांगावं लागत नाही, पण त्याच्यापासून मोटारीचं दार होतं हे मी पहिल्यांदा बघत होतो. पुठ्ठा म्हणे! पुठ्ठा पावसात भिजतो. ही दारं साठ साठ वर्षं पावसात उभी आहेत.

प्रेसवर काम केलेल्या माणसाला मात्र इथं दुसरीही एक गोष्ट चटकन कळते. आमच्याकडे पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवला, वरून ठोका पडला, की काही सेकंदांत दार तयार. ड्युरोप्लास्टला तसं चालत नाही. उष्णतेनं रेझिन वितळून घट्ट होईपर्यंत तो तुकडा साच्यातच धरून ठेवावा लागतो. एकेका तुकड्याला मिनिटं जातात. म्हणजे उत्पादन वाढवायचं तर प्रेस वाढवायला हवेत, साचे वाढवायला हवेत, आणि त्यासाठी पैसा हवा. तो पैसा त्स्विकाऊला कधी पुरेसा मिळाला नाही. ट्राबांटसाठी लोकांना जी वाट बघावी लागली, तिचं एक मूळ या तापलेल्या साच्यात आहे.

ट्राबांटची पहिली तुकडी ७ नोव्हेंबर १९५७ रोजी, रशियन क्रांतीच्या चाळिसाव्या वाढदिवशी निघाली. त्याआधी महिनाभरच स्पुटनिक आकाशात गेला होता. 'ट्राबांट' म्हणजे सोबती, उपग्रह. त्या वेळी ही गाडी मागासलेली मुळीच नव्हती. आडवं बसवलेलं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, चार माणसं आणि त्यांचं सामान, आणि हे सगळं साडेतीन मीटर लांबीत. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक लहान गाड्यांची मांडणी हीच असते. १९६४ साली ६०१ हे मॉडेल आलं. दोन सिलिंडर, ५९४ सीसी, पुढे वाढून २६ अश्वशक्ती, वजन जेमतेम सव्वासहाशे किलो. आणि तिथंच घड्याळ थांबलं. हे मॉडेल किरकोळ फेरफारांनिशी १९९० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं बनत राहिलं. सगळी मॉडेलं मिळून ट्राबांटची संख्या तीस लाखांच्या वर गेली.

घड्याळ कोणी थांबवलं, याचं उत्तर त्याच इतिहासात आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्स्विकाऊच्या इंजिनिअरांनी पी-६०३ नावाची नवी गाडी तयार केली होती. मागे मोठं उघडणारं दार, आधुनिक बांधणी, नव्या इंजिनांचे प्रयोग. पाश्चिमात्य कारखाने अशा आकाराच्या गाड्या पुढे काही वर्षांनी बाजारात आणणार होते. बर्लिनहून हुकूम आला, काम थांबवा. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडाबरोबर मिळून नवी गाडी करायचं ठरलं, तेही काम १९७९ मध्ये गुंडाळलं गेलं. हातात कसब असलेल्या माणसाला तेच ते जुनं मॉडेल पंचवीस वर्षं काढायला लावणं ही केवढी शिक्षा आहे, हे टूलरूममध्ये काम केलेल्यालाच कळेल. नवा डाय बनवायला घेतला की कारागिराच्या डोळ्यांत जी चमक येते ती मी पाहिलेली आहे. त्स्विकाऊत ती चमक पुन्हा पुन्हा विझवली गेली.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर त्या आजोबांच्या गाडीत आम्ही फेरी मारली. त्यांनी अनेक वर्षं याच कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेलं. आता जुन्या गाड्या दुरुस्त करतात आणि आमच्यासारख्या पाहुण्यांना हौसेनं फिरवतात. त्यांनी पायापाशी हात घालून पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, किल्ली फिरवली. टर्र-टर्र-टर्र असा आवाज झाला आणि मागे निळसर धूर पसरला. त्या वासानं मी एका क्षणात चाळीस वर्षं मागे गेलो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जळतं त्याचा तो वास. लुना आणि जुन्या स्कूटर चालवलेल्या प्रत्येकाच्या नाकात तो बसलेला आहे. पंपावर उभं राहून 'टू-टी टाका' म्हणायचो तेच इथं होतं. सुरुवातीच्या गाड्यांना ऑइल जास्त लागायचं, नंतर पन्नास भाग पेट्रोलला एक भाग असं प्रमाण ठरलं. गिअरचा दांडा जमिनीवर नाही, स्टिअरिंगशेजारी डॅशबोर्डमधून बाहेर आलेला. मुंबईच्या जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना तो हात कसा चालतो ते लगेच समजेल.

ट्राबांटला लाडानं म्हणतात ट्राबी. ती रस्त्याला घट्ट धरून चालते. वळणावर हलकी, चढावर जिद्दी. ताशी शंभरच्या पुढे जायला मात्र तिला कष्ट पडतात. आत आवाज भरपूर, बोलायचं तर ओरडून. धूर हा तर दोषच आहे. लाखो अशा गाड्यांनी शहरांची हवा काळी केली आणि त्यात लोकांच्या छातीचं नुकसान झालं. इंजिनाजवळ आणि माणसांच्या पायांसमोर असलेली पेट्रोलची टाकी अपघातात धोक्याची होती. हे मी लपवणार नाही. पण हे दोष १९५७ साली जगातल्या बऱ्याच लहान गाड्यांत होते. इतरांना ते सुधारू दिले गेले, हिला नाही.

आजोबांना मी विचारलं, "तुम्हाला स्वतःची गाडी कधी मिळाली?" पुतणीनं प्रश्न पोचवला. ते हसले आणि दोन्ही हातांची बोटं दाखवून वर आणखी तीन बोटं दाखवली. तेरा वर्षं. गाडी बनवणाऱ्या माणसालासुद्धा! अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलं नाव नोंदवून टाकायची. गाडी हातात येईपर्यंत त्यांचं लग्न झालेलं असायचं, मुलंही झालेली असायची. पैशाची अडचण नव्हती, वर्षभराच्या पगाराच्या आसपास किंमत होती. अडचण होती ती नंबर लागण्याची. म्हणूनच तिथं एक उलटी गंगा वाहायची. दहा वर्षं वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जायची, कारण ती आजच्या आज मिळत होती. ज्यांचे नातेवाईक पश्चिम जर्मनीत होते, त्यांच्यासाठी वेगळी वाट होती. तिकडच्या माणसानं पाश्चिमात्य मार्कांत पैसे भरले की इकडच्या माणसाच्या दारात रांगेशिवाय गाडी उभी राहायची. समतेची शपथ घेतलेल्या राज्यात हा भेद सरकारनंच चालवला होता.

आपल्याकडेही स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारी पिढी होऊन गेली. माझ्या वडिलांनी स्कूटर बुक केली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि ती आली तेव्हा दहावीत. त्यामुळे आजोबांची तेरा बोटं मला परकी वाटली नाहीत. थांबायला लागलेला माणूस वस्तू कशी जपतो, हेही मला घरीच शिकायला मिळालं होतं. पूर्व जर्मनीत प्रत्येक मॉडेलसाठी घरगुती दुरुस्तीचं पुस्तक मिळायचं. 'माझी मदत मीच कशी करू?' अशा अर्थाचं त्या मालिकेचं नाव. सुटे भाग मिळायचे नाहीत, म्हणून सायलेन्सर दिसला की लोक घेऊन ठेवायचे, आज गरज नसली तरी. शेजाऱ्याला तो लागायचा, त्याच्याकडे क्लचप्लेट असायची, मग अदलाबदल व्हायची. सुट्टीत गाडीच्या टपावर तंबू बसवून कुटुंबं बाल्टिक समुद्राच्या काठी किंवा हंगेरीत बालाटोन सरोवरावर जायची. २६ अश्वशक्तीच्या गाडीत चार माणसं, टपावर घर. ही हौस थट्टेचा विषय कशी होऊ शकते?

त्स्विकाऊहून केम्निट्झ रेल्वेनं जवळच आहे. १९५३ ते १९९० या काळात या गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. गावाच्या मध्यभागी लेव्ह केर्बेल या सोव्हिएत शिल्पकारानं घडवलेलं मार्क्सचं ब्राँझचं प्रचंड मस्तक १९७१ पासून उभं आहे. नुसतं डोकंच सात मीटरहून उंच. मागच्या भिंतीवर 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' हे चार भाषांत कोरलेलं आहे.

मार्क्सच्या नावाच्या या गावाची गाडी म्हणजे बार्कास बी-१००० ही व्हॅन. कार्थेजचा सेनापती हामिल्कार बार्का, म्हणजे हॅनिबलचा बाप, याच्या नावावरून हे नाव घेतलेलं. त्या प्राचीन भाषेत त्याचा अर्थ वीज. या कारखान्याचा वंश शोधत गेलं तर आपण पोचतो योर्गेन रासमुसेन या डॅनिश उद्योजकापर्यंत. डीकेडब्ल्यू त्यानंच उभी केलेली, आणि 'फ्रामो' हा मालवाहू गाड्यांचा कारखानाही. फ्रामोचा सरकारी अवतार म्हणजे बार्कास. जवळच्या हाइनिशन गावात तिची जुळणी व्हायची.

बार्कास मला भेटली ती बाजारात. कोणीतरी तिची कॉफीची गाडी केली होती. रांग संपल्यावर मी वाकून तिच्या खाली बघितलं. तिथं प्रॉपेलर शाफ्ट नव्हता. ताकद पुढच्या चाकांना, इंजिन पुढच्या दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली, त्यामुळे मागे चाकांमधली सगळी जागा मोकळी. फरशी इतकी खाली की माल चढवायला गुडघ्याइतकाच पाय उचलायचा. १९६१ साली ही मांडणी खरोखर पुढची होती. नावातला हजार हा आकडा वाहता येणाऱ्या किलोंचा. इंजिन आयझेनाखच्या वार्टबुर्ग मोटारीचंच, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. तीस वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास बार्कास बनल्या. अॅम्ब्युलन्स बार्कास, अग्निशमनाची बार्कास, टपालाची बार्कास, पोलिसांची बार्कास, शाळेच्या मुलांची मिनीबसही बार्कास. पूर्व जर्मनीत माणूस आजारी पडला, घराला आग लागली, पत्र आलं, की दारात हीच गाडी यायची.

आपल्याकडे हेच स्थान टेम्पोनं मिळवलं. तो शब्दही जर्मनीतूनच आला. हँबुर्गच्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर बजाज टेम्पो १९५८ साली सुरू झाली, आणि कंपनीचं नाव मराठीत वाहनाच्या प्रकाराचं नाव होऊन बसलं. आज कोणत्याही कंपनीची मालवाहू गाडी असो, आपण म्हणतो, 'टेम्पो बोलावला.' जी व्हॅन सगळ्यांच्या सुखदुःखाला येते, तिचं नाव भाषेत मुरतं.

केम्निट्झहून एर्फुर्टमार्गे आयझेनाख. थुरिंगियाच्या डोंगरांतलं हे देखणं गाव. योहान सेबास्टियन बाख १६८५ साली इथं जन्मला. वरच्या डोंगरावर वार्टबुर्गचा किल्ला आहे. १५२१-२२ मध्ये मार्टिन लूथरनं याच किल्ल्यात लपून राहून नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. इथल्या मोटारीला याच किल्ल्याचं नाव दिलेलं आहे. मोटारींचा इतिहासही तितकाच मानाचा. हाइनरिश एरहार्ट यानं १८९६ साली इथं कारखाना काढला, दोन वर्षांनी वार्टबुर्ग नावाची पहिली मोटार बनवली. १९२८ साली बीएमडब्ल्यूनं हा कारखाना विकत घेतला. म्हणजे बीएमडब्ल्यूची मोटार प्रथम जन्मली ती म्युनिकमध्ये नव्हे, आयझेनाखमध्ये. युद्धानंतर तोही कारखाना सोव्हिएत हातांत आणि मग पूर्व जर्मन सरकारकडे गेला.

कारखान्याच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. १९५०च्या दशकातली वार्टबुर्ग ३११ बघितली की पाय थबकतात. गोलाई अशी, की हात फिरवावासा वाटतो. दोन रंगांची सजावट, उघड्या छपराचे प्रकार, स्पोर्ट्स मॉडेल. पश्चिमेच्या देशांतही ती विकली गेली. तिच्यानंतर १९६६ साली आलेली ३५३ चौकोनी आणि कामसू. सरकारी अधिकारी, डॉक्टर आणि ज्यांना ट्राबांटच्या दुप्पट पैसे मोजणं शक्य होतं अशी कुटुंबं ती घ्यायची. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं सोपेपण बोटांवर मोजता येतं. तीन पिस्टन, तीन कनेक्टिंग रॉड, एक क्रँकशाफ्ट. मुख्य हलणारे भाग सात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनाचे प्रयत्न आयझेनाखच्या लोकांनीही केले होते. वरून मंजुरी आली नाही. अखेर १९८४ मध्ये पश्चिम जर्मनीच्या फोल्क्सवागनशी करार झाला. त्यांनी कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये इंजिनं बनवण्याची यंत्रसामग्री द्यायची आणि तिची किंमत पूर्व जर्मनीनं तयार इंजिनं देऊन फेडायची. त्यातून १९८८ साली वार्टबुर्ग १.३ निघाली. बाहेरून जवळपास तीच जुनी गाडी, आत फोर-स्ट्रोक इंजिन, आणि किंमत ३०,००० मार्कांच्या वर. इतकी वर्षं निमूट थांबलेले लोक या किमतीवर मात्र संतापले. सुधारणा आली ती उशिरा आली, आणि तिचं बिल थांबलेल्यांच्याच हातात ठेवलं गेलं.

बर्लिनमध्ये मला दोन ठिकाणी जायचं होतं. पहिलं, होहेनशोनहाउझेन. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा हा तुरुंग आता स्मारक आहे. इथं एक बार्कास ठेवली आहे. बाहेरून साधी मालवाहू व्हॅन. आत खिडकी नसलेल्या पाच खुराड्यांसारख्या कोठड्या, माणूस कसाबसा बसेल एवढ्या. भर रस्त्यातून लोकांच्या डोळ्यांदेखत कैद्यांची ने-आण व्हायची आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. कैद्यालाही आपण कुठे चाललो आहोत ते कळायचं नाही. केम्निट्झच्या बाजारात ज्या सपाट, खाली असलेल्या फरशीचं मी कौतुक केलं होतं, त्याच फरशीवर या कोठड्या ठोकलेल्या होत्या. मी बराच वेळ तिथून हललो नाही. कामगारानं अॅम्ब्युलन्ससाठीही हेच अंग दाबलं आणि यासाठीही. पट्ट्यावरून उतरलेली गाडी कुठे जाणार, हे त्याच्या हातात नव्हतं.

दुसरं ठिकाण बोर्नहोल्मर श्ट्रासेचा पूल. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास इथलं फाटक उघडलं. बर्लिनच्या भिंतीतलं पहिलं पूर्ण उघडलेलं दार. त्या रात्री आणि पुढचे दिवस या वाटांनी ट्राबींच्या रांगा पश्चिमेला गेल्या. अनोळखी लोक त्यांच्या टपांवर थापा मारून स्वागत करत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हंगेरीनं सीमा उघडली तेव्हाही हजारो कुटुंबं याच गाड्यांतून निघाली होती. ज्या गाडीसाठी सरकारनं लोकांना तेरा वर्षं थांबवलं, त्याच गाडीत बसून लोक त्या सरकारला सोडून गेले.

पुढचं फार झपाट्यानं घडलं. १ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क पूर्वेत आला आणि एका रात्रीत ट्राबी कोणालाच नकोशी झाली. फोल्क्सवागनचं इंजिन बसवलेली ट्राबांट १.१ तोवर आली होती, पण वेळ निघून गेली होती. १९९१ च्या एप्रिलमध्ये वार्टबुर्ग आणि बार्कास बंद झाल्या, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला शेवटची ट्राबांट पट्ट्यावरून उतरली. हजारो कामगारांच्या हातांतलं काम गेलं. पण गावांचं कसब गेलं नाही. आयझेनाखमध्ये ओपेलचा कारखाना उभा राहिला. केम्निट्झमध्ये आजही इंजिनं बनतात. त्स्विकाऊच्या वेशीवर फोल्क्सवागनचा मोठा कारखाना आहे, तिथं २०१९ पासून विजेवरच्या मोटारी तयार होतात.

ट्राबांट वाईट गाडी नव्हती. ती वाढू न दिलेली गाडी होती. तिच्या अंगातला कापूस हा हिकमती माणसांनी टंचाईवर काढलेला उपाय होता, आणि तिच्या मागचा धूर हा ती माणसं पुढे जाऊ पाहत असताना त्यांना दिलेल्या नकाराचा परिणाम. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात. कारागिराचं श्रेय कारागिराला, आणि हुकुमाचा दोष हुकूम देणाऱ्याला.

जर्मनीत आज तीस हजारांहून अधिक ट्राबांट नोंदणीकृत आहेत आणि रस्त्यावर धावतात. जुन्या, जपलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर शेवटी 'एच' हे अक्षर असतं, ऐतिहासिक वाहनाची ती खूण. बर्लिनला गेलात तर ब्रँडनबुर्ग दरवाजा बघून परत फिरू नका. तीन दिवस जास्त काढा, लाइपझिगमार्गे त्स्विकाऊला जा, आणि तिथं 'एच' पाटीची ट्राबी दिसली तर मालकाची परवानगी घेऊन तिच्या दारावर हात ठेवून बघा. उन्हातही ते पत्र्यासारखं चटका देत नाही.